पूरग्रस्ताचे मनोगत आणि नववीचा वर्ग

पहिल्या घटक चाचणीत नववीला मराठीच्या पेपरात आत्मकथनाचा प्रश्न होता, 'पूरग्रस्ताचे मनोगत'. खाली नेहमीचे मुद्दे: मुसळधार पाऊस, नदीला महापूर, घरात पाणी, संसार वाहून जाणे, शासनाची मदत, पुन्हा उभे राहण्याची जिद्द. प्रश्नपत्रिका बाहेरून छापून आलेली, विषय आम्ही निवडलेला नव्हता. पण शाळा आमची कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली, नदीकाठच्या गावातली. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चार नद्यांच्या पाण्याशी ज्या तालुक्याची गाठ आहे, तिथल्या मुलांना पुरावर लिहायला सांगणं म्हणजे गवळ्याच्या पोराला दुधाबद्दल विचारणं. निदान मला तसं वाटलं होतं.

ही 2023-24 ची नववी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ही मुलं पाचवीत होती आणि जुलै 2021 च्या पुरात सातवीत. पट पन्नासच्या वर. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत या दोन्हीपैकी एका तरी वर्षी पाणी शिरलेलं. काहींच्या भिंतींवर अजून पाण्याच्या रेघा आहेत. 2005 ची एक, 2019 ची तिच्यावर, आणि प्रत्येक रेघेशेजारी पेन्सिलीनं वा खडूनं साल घातलेलं.

गठ्ठा तपासायला घेतला आणि पहिल्या दहा-बारा उत्तरपत्रिकांतच अंदाज आला.

'आषाढ महिन्यातील ती काळरात्र मी कधीच विसरू शकणार नाही. विजांचा कडकडाट चालू होता. नदीने रौद्र रूप धारण केले होते. बघता बघता होत्याचे नव्हते झाले.' शब्दांची अदलाबदल सोडली तर जवळजवळ सगळ्यांनी हेच लिहिलं होतं. कितीतरी जणांनी सुरुवातीला तो ठरलेला आवाज आणला होता: मी नदीकाठी फिरायला गेलो, इतक्यात कुणीतरी बोललं, इकडेतिकडे पाहिलं तर कुणीच नव्हतं, 'घाबरू नकोस मित्रा, मी पूरग्रस्त बोलतोय.' पेनाच्या, फाटक्या पुस्तकाच्या, वडाच्या झाडाच्या मनोगताला हा आवाज चालून जातो. पूरग्रस्त हा हाडामांसाचा माणूस. त्यानं अदृश्य राहून बोलायचं कारण काय, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. नदीला नाव नव्हतं. गाव 'टुमदार' होतं. घर म्हणजे झोपडी होती, आणि आमच्या वर्गातल्या एकाही मुलाचं घर झोपडी नाही.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. गाईडातला पूर एका रात्रीत येतो. आमच्याकडचा पूर असा येत नाही. तो दोन-तीन दिवस येतच असतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका हे इथल्या दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयना धरणातून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पुढं किती जातंय, यावर पारावर वाद झडतात. पाणी समोरून अंगावर धावत येत नाही. ते मागून, ओढ्यानं उलटं चढत येतं. आधी मळीतला, म्हणजे नदीलगतच्या जमिनीतला ऊस, मग स्मशानाचा रस्ता, मग खालची गल्ली. वर ऊन पडलेलं असतं आणि खाली पाणी चढत असतं. विजांचा कडकडाट वगैरे काही नाही. हे सगळं बघितलेली मुलं परीक्षेत मात्र काळरात्रीचं लिहीत होती.

मार्क मी दिले, आठपैकी पाच, सहा, कुणाला साडेसहाही. परीक्षेच्या निकषांवर त्यात कमी करण्यासारखं काही नव्हतं.

उत्तरपत्रिका वाटताना वर्गात विचारलं, कुणाच्या घरात पाणी आलं होतं? हात वर झाले. मग ते का नाही लिहिलं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून, "मॅडम, गाईडातलं लिहिलं की मार्क कापत नाहीत." हे उत्तर अपेक्षित होतं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली ते नव्हतं. ती म्हणाली, "आमच्यातलं कोण वाहून गेलं नाही मॅडम. नुसतं पाणी आलं आणि गेलं. त्यात लिहिण्यासारखं काय नव्हतं."

तिचं घर अकरा दिवस पाण्यात होतं.

हे प्रकरण मी लिहून ठेवलं ते या वाक्यामुळे. मुलं आळशी नव्हती आणि चोरीही करत नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की निबंधातला पूर ही एक वस्तू आणि आपल्या घरातलं पाणी ही दुसरी. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, कृतिपत्रिकेत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत. त्यातले 8 गुण प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला, आणि कथा लिहिलीच तर तिला 5. नववीपासून क्लासवाले या गुणांसाठी साचे तयार करून देतात. प्रश्नातल्या मुद्द्यांनी तर अर्धा निबंध आधीच लिहून ठेवलेला असतो. 'संसार वाहून जाणे' असा मुद्दा दिल्यावर ज्याचा संसार वाहून गेला नाही, फक्त भिजला आणि कुजला, त्यानं काय लिहायचं?

फळ्यावर काय लिहिलं

आधी जे चाललं नाही ते थोडक्यात. कल्पनाशक्तीला चालना म्हणून 'मला पंख फुटले तर' दिलं. सगळी मुलं उडाली, सगळ्यांनी वरून हिरवीगार शेतं पाहिली, सगळी संध्याकाळी आईच्या हाकेनं जागी झाली. पाचवीला हा विषय मी आजही देते, त्यांच्यातले दोघे-तिघे भलतीकडे उडतात. नववीपर्यंत त्याचाही साचा बसलेला असतो. एका चित्रावरून लिहायला सांगितलं तर चित्रात काय काय दिसतं त्याची यादी आली.

मग एका तासाला फळ्याचे दोन भाग केले. उजवीकडे बंदी घातलेले शब्द. ही यादी मी केली नाही. मुलांनाच त्यांच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका बाहेर काढायला लावल्या आणि सांगितलं, जे शब्द शेजाऱ्याच्याही पेपरात आहेत ते सांगा. पाच मिनिटं वर्गात बाजार भरला. "मॅडम, होत्याचं नव्हतं ह्यानं बी लिहिलंय!" "रौद्र रूप! माझ्यात दोनदा हाय!" काळरात्र, सर्वस्व, अश्रू अनावर, डोळ्यांच्या कडा, निसर्गापुढे मानव, अंगावर शहारे. शेवटी एकानं सुचवलं की 'पूर' हा शब्दही घाला. घातला.

डावीकडे मी तीन ओळी लिहिल्या:

घर सोडायचं ठरल्यावर पहिली उचललेली वस्तू कोणती?
ती कुणी उचलली? तेव्हा तुम्ही काय करत होता?
ती आज कुठं आहे?

वेळ दहा मिनिटं. सुरुवात-शेवट नको, शीर्षक नको, तात्पर्य तर नकोच. ज्यांच्या घरात पाणी आलं नव्हतं त्यांनी आपल्याकडे राहायला आलेल्या पाहुण्यांनी सोबत काय आणलं ते लिहायचं. ज्यांना स्वतःचं काही लिहायचंच नाही त्यांनी खुशाल मनानं रचावं. आणि एक नियम: ज्या पानाला उभी घडी घातलेली असेल ते पान मी उघडणार नाही. वही माझ्याकडे येईल, लिहिल्याची खूण म्हणून सही होईल, पण वाचणार नाही.

हा घडीचा नियम काहींना फाजील लाड वाटेल. पुराबद्दल लिहायला सांगताना तो मला गरजेचा वाटला, कारण कुणाच्या घरात त्या दिवसांत काय काय झालं असेल ते शिक्षकाला माहीत नसतं. एका मुलीनं पहिल्या दिवसापासून घडी घातली आणि एक दिवस सोडला तर दिवाळीपर्यंत घालतच राहिली. त्या पानांत काय आहे ते मी विचारलं नाही.

दहा मिनिटांत काय आलं? गॅसची टाकी आली, रेशनकार्ड आलं, देव्हाऱ्यातले टाक आले. 2021 चं लिहिणाऱ्यांत मोबाइल सगळ्यांत पुढं, कारण तेव्हा शाळाच त्यावर भरत होती. एका घरात आजोबांनी आधी बिनचाकाची सायकल माळ्यावर टाकली आणि धान्याचं पोतं खालीच राहिलं. त्यावरून अजूनही दिवाळीत भांडण होतं. एका मुलीनं लिहिलं की आईनं सगळ्यात आधी चूल सारवली. घर पाण्यात जाणार हे माहीत असताना सारवली, आणि का ते तिला विचारलं तर ती चिडली. एवढंच. पुढं काही नाही. मला तिथं आणखी काही नकोही होतं.

मोटार

एका मुलाचं पान जरा सविस्तर सांगते. हा पोरगा एरवी निबंध चार ओळींत उरकायचा. चाचणीत त्याला आठपैकी दोन होते. त्यानं दीड पान लिहिलं. सुरुवात अशी (दहाची मोटार म्हणजे उसाला पाणी देणारा दहा अश्वशक्तीचा पंप):

'पहिली वस्तू घरातली नव्हती. दहाची मोटार होती. ती नदीवर होती. पप्पा आणि काका संध्याकाळी गेले, मी मागनं गेलो. पाणी मोटारीच्या खाली चार विती होतं. काका म्हणाला सकाळी काढू, रातीत न्हाई लागत. पप्पा म्हणाले राधानगरीची दारं उघडल्यात, रातीतच लागतंय. दोघं भांडालते. मी बॅटरी धरलो होतो. नट गंजला होता म्हणून फिरत नव्हता. काकानं त्याच्यावर घासलेट ओतलं. तवर एक वीत कमी झाली.'

पुढं मोटार दोरानं वर ओढणं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवणं, चिखलात ट्रॉलीचं चाक रुतणं. सगळं क्रमानं, एकही विशेषण न वापरता. मध्येच 'चौघं' म्हणून आणखी दोन माणसं येतात, ती कोण ते सांगायचं राहून गेलेलं. आणि शेवटी घरी पोचल्यावर: 'आई म्हणाली, मोटारीला चौघं आणि घराला मी एकटी.'

शिक्षक म्हणून अशा पानाचं काय करायचं हा खरा प्रश्न. माझ्या मते इथंच विषय देण्याचा बहुतेक खटाटोप वाया जातो. आपण विषय चांगला शोधतो, मूल काहीतरी जिवंत लिहितं आणि मग आपण लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून 'छान प्रयत्न' लिहितो. त्या मुलाला कळतं ते एवढंच की आपल्या दीड पानात अठरा चुका आहेत. पुढच्या वेळी तो पुन्हा चार ओळी लिहितो, कारण चार ओळींत चुका कमी होतात.

मी पानाखाली एकच प्रश्न लिहायचा असं ठरवलं, आणि प्रश्न असा की ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नाही. त्याला विचारलं, पाणी मोटारीला लागलं असतं तर नेमकं काय झालं असतं? तो दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगायला आला. वायंडिंग कसं जातं, मग ते कुठं भरून आणावं लागतं, पाणी उतरल्यावर सगळ्या गावाच्या मोटारी एकदमच दुरुस्तीला येतात म्हणून नंबर किती दिवसांनी लागतो, आणि तोवर ऊस वाळतो. पुरानंतर ऊस पाण्यावाचून वाळतो ही गोष्ट मला, याच तालुक्यात इतकी वर्षं शिकवून, माहीत नव्हती. म्हटलं, हे घाल त्यात. त्यानं घातलं. काका-पप्पांचं भांडण आता कळायला लागलं. आधी ते नुसतं भांडण होतं, आता त्याला कारण होतं.

वर्गात वाचून दाखवायचं ते लिहिणाऱ्याच्या परवानगीनं, आणि ऐकणाऱ्यांनी शेरा मारायचा नाही, फक्त विचारायचं. पहिले काही दिवस 'खूप छान लिहिलंय' हीच गाडी पुढं जात होती. मग हळूहळू प्रश्न येऊ लागले. "घासलेट कुठनं आलं? आता मिळतंय कुठं?" या एका प्रश्नावर पाच मिनिटं गेली. उत्तर असं की आजीनं जुनी बाटली जपून ठेवली होती. ती बाटलीही निबंधात आली.

इटलीतले बालसाहित्यिक जानी रोदारी यांनी 1972 मध्ये रेज्जो एमिलिया शहरात शिक्षकांसमोर आपल्या युक्त्या मांडल्या होत्या. त्यातली एक सुप्रसिद्ध आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांची गाठ घालून गोष्ट करायची. त्यांनी उदाहरण दिलं ते कुत्रा आणि कपाट यांचं. मी चिठ्ठ्या टाकून शब्द काढायला लावले तर एका गटाला 'म्हैस' आणि 'हजेरीपट' आले. मला वाटलं आता मजा येणार. पण रोदारींना अपेक्षित असलेलं अंतर या दोन शब्दांत आमच्या मुलांसाठी नव्हतंच. 2019 ला जिथं हलवलं तिथल्या शाळेच्या आवारात म्हशी बांधलेल्या होत्या आणि त्यांच्या चाऱ्याची नोंद कुणीतरी ठेवतच होतं. गटातली एक मुलगी म्हणाली, "ह्यात रचायचं काय? हे झालंच होतं." तरी तिनं तिसरीच्या वर्गात म्हशींची हजेरी लिहिली. एक म्हैस रोज गैरहजर, कारण तिचा मालक तिला सोडून यायला तयार नव्हता आणि दोघंही गावातच राहिले होते. त्या म्हशीच्या नावापुढं तिनं दररोज 'रजा' लिहिलं होतं. वर्ग हसला. मग एकजण म्हणाला की तो मालक आमचा थोरला चुलता.

पंचनामा

तिसरा प्रयोग सर्वांत चांगला साधला, आणि त्याचं श्रेय फॉर्मला आहे.

पाणी उतरलं की आठवडाभरात तलाठी येतात, सोबत ग्रामसेवक, शेतीसाठी कृषी सहायक. 'आम्ही खाली सह्या करणार पंच' इथपासून सुरू होणारा पंचनामा या मुलांनी दारात उभं राहून ऐकलेला आहे. घर पूर्ण पडलं की अंशतः, भिंत कोणती, जनावरं किती, पीक किती गुंठे. त्यांना ही भाषा तोंडपाठ आहे, गाईडाइतकीच. म्हटलं, मग हाच साचा वापरू. फळ्यावर रकाने आखले: अनुक्रमांक, तपशील, संख्या, अंदाजे किंमत, शेरा. विषय: पंचनाम्यात न आलेलं नुकसान.

साचा मोडण्यासाठी दुसरा साचाच वापरायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण कोरं पान दिलं की मूल पाठ केलेल्याकडे धावतं, आणि रकाना दिला की त्याला भरायला काहीतरी नेमकं शोधावंच लागतं. 'संख्या' या रकान्यात 'सर्वस्व' लिहिता येत नाही.

आलेल्या नोंदींतल्या काही:

'खुडूक कोंबडीखालची अंडी. 11. कोंबडी वाचली. शेरा: ती नंतर तीन दिवस रिकाम्या पाटीत बसत होती.'

'क्रिकेटची बॅट. 1. किंमत 350. शेरा: एमआरएफचं स्टिकर वेगळं 20 रुपये, ते माझ्या पैशाचं.'

'दादाच्या लग्नातली सीडी. 1. शेरा: तशीही प्लेअर बिघडला होता.'

'शेजारच्यांशी असलेला बांधाचा वाद. 1. किंमत: वकिलाला विचारावी. शेरा: पाण्यात बांधच गेला. आता बोलतात.'

शेवटची नोंद वर्गात सगळ्यात गाजली. लिहिणाऱ्या मुलाला ती विनोदी आहे हे ठाऊक नव्हतं, त्यानं खरं ते लिहिलं होतं. घडी घालणाऱ्या मुलीचं पान त्या दिवशी उघडं आलं. तीन ओळी होत्या, त्यांत एक शिवणयंत्र आणि दोन कोंबड्या. मी त्यावर इतरांसारखाच एक प्रश्न लिहिला: यंत्र पायाचं की हाताचं? पुढच्या पानाला पुन्हा घडी होती. असो.

पंचनाम्यातली एक नोंद घेऊन ती दोन पानांपर्यंत वाढवायची, हे मग दिवाळीपूर्वीचं शेवटचं काम होतं. पस्तीसेक मुलांनी ते पूर्ण केलं. बाकीच्यांचं अर्धवट राहिलं, आणि पाच-सहा जणांनी काळरात्रीची गाडी थेट दुसऱ्या पानापासून परत आणली. ज्यांना गाईड पाठ होतं, म्हणजे वर्गात ज्यांना हुशार म्हणतात, त्यांना हे काम सर्वांत जड गेलं. एका हुशार मुलीनं स्पष्ट विचारलं, "हे परीक्षेला येणार आहे काय?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

भाषा आणि गुण

आमच्याच शाळेत मराठी शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांनी मोटारीचं पान वाचलं. आवडलं त्यांना. मग म्हणाले, "बोर्डाचा परीक्षक 'मी बॅटरी धरलो होतो' याला गोल करणार, आणि गोल करून तो बरोबरच असणार." यावर आमची बरीच वादावादी झाली. माझं म्हणणं, पहिला खर्डा मुलाच्या तोंडच्या भाषेत येऊ द्या, नाहीतर येणारच नाही. त्यांचं म्हणणं, दुसरा खर्डा काढायला परीक्षेत वेळ कुठं असतो?

यातून वर्गासाठी जे ठरलं ते असं. माणसं बोलतात ते अवतरणचिन्हांत जसंच्या तसं राहील. 'रातीत लागतंय' ला कुणी हात लावायचा नाही. निवेदनातली क्रियापदं दुसऱ्या खर्ड्यात प्रमाणभाषेत येतील, 'धरलो होतो'चं 'धरली होती' होईल. पण नामं बदलायची नाहीत. 'मळी'ला 'नदीकाठची सुपीक जमीन' केलं की वाक्य मरतं, आणि 'बॅटरी'ला 'विजेरी' करणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

प्रथम सत्र परीक्षेत खटका उडालाच. उपयोजित लेखनाचा विभाग त्या सहकाऱ्यांकडे तपासायला होता. 'पावसाळ्यातील एक अनुभव' असा प्रसंगलेखनाचा विषय होता आणि एका मुलानं थेट मधूनच सुरुवात केली: 'भाकरीचं पीठ तेवढं वर टाकायचं राहिलं.' त्याला आठपैकी तीन मिळाले. शेरा: प्रस्तावना नाही, समारोप नाही. मी तेच पान घेऊन गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की मार्चमध्ये परीक्षकापुढं पेपरांचा ढीग असतो. त्याला पहिल्या चार ओळींत विषय दिसला नाही तर तो शोधत बसणार नाही, आणि हे मुलांपासून लपवून ठेवणं ही त्यांची फसवणूक आहे.

हे मला पटलं. सगळं नाही, पण एवढं पटलं. सृजनशील लेखनाबद्दल बोलणारे लोक परीक्षेला नावं ठेवून मोकळे होतात. मुलाला मात्र त्याच परीक्षेतून जायचं असतं. कोल्हापुरात शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथं मुलांच्या अनुभवाला अभ्यासाच्या मध्यभागी जागा मिळाली. तशी सगळी रचनाच वेगळी असेल तर गोष्ट निराळी. अनुदानित माध्यमिक शाळेत पस्तीस मिनिटांची तासिका, पन्नासचा पट आणि समोर बोर्डाची परीक्षा.

मग दुसऱ्या सत्रात मुलांना सरळच सांगितलं. मधून सुरुवात करा, पण तिसऱ्या ओळीपर्यंत कुठं, कधी आणि काय हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. शेवटी उपदेश नको, पण जे सुरू केलं ते संपलेलं दिसलं पाहिजे. 'भाकरीचं पीठ तेवढं वर टाकायचं राहिलं' याच्या पुढं त्या मुलानं एक वाक्य घातलं: 'ऑगस्ट 2019, आमच्या गल्लीत पाणी शिरायला तासभर उरला होता.' सहकाऱ्यांनी ते वाचलं आणि सहा दिले. अर्धा गुण शुद्धलेखनाचा कापला, तो कापायलाच हवा होता.

वार्षिक परीक्षेत काय झालं ते सांगायला हवं. मोटारवाल्याला आठपैकी पाच मिळाले. काही मुलांनी स्वतःचं लिहिलं. बऱ्याच जणांनी सुरुवात गाईडाची केली आणि मध्यात आपलं घुसवलं, त्यामुळे काळरात्रीच्या विजांखाली एकदम गॅसची टाकी उचललेली दिसायची. आणि सात-आठ जणांनी पूर्ण गाईडच लिहिलं, सहा-साडेसहा गुण घेतले आणि ते खूश होते. त्यांना नावं ठेवायला माझ्याकडे कारण नाही. तयार निबंध आता गाईड न घेताही मोबाइलवर क्षणात मिळतो, तोही बंदी घातलेल्या सगळ्या शब्दांसह.

बंदीच्या शब्दांची यादी सहकाऱ्यांनी आठवीसाठी उचलली, 'माझी आई' या विषयावर. 'मायेचा सागर' पहिल्याच दिवशी बाद झाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी 'आई पहाटे सर्वांच्या आधी उठते' हे वाक्यही बाद करायला लावलं. म्हणाली, सगळ्यांच्यात आहे. सहकारी गडबडले, कारण ते खरंही आहे. शेवटी ठरलं की उठते असं लिहायचं असेल तर उठून पहिल्यांदा काय करते तेही लिहायचं.

पुढच्या वर्षी, 2024 च्या पावसाळ्यात, पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. नव्या नववीला मी 'पहिली उचललेली वस्तू' देऊन पाहिलं आणि वह्या उघडल्यावर दिसलं की माझ्याच विषयाचं गाईड तयार झालं आहे. चार जणांनी चूल सारवली होती. वरच्या वर्गातल्या भावाबहिणींकडून काय 'चालतं' ते बरोबर खाली पोचलं होतं. तेव्हा हा विषय आता बाद, पंचनामाही आणखी वर्षभरच टिकेल असं दिसतं. विषयांचा साठा करून ठेवण्यात काही अर्थ नाही, तो वर्गाप्रमाणे बदलावा लागतो.

मोटारवाल्याचा धाकटा भाऊ याच वर्गात. त्यानं दादाचीच मोटार लिहिली होती, गंजलेल्या नटासकट. विचारलं, तू होतास तिथं? नव्हता. जयसिंगपूरला मामाकडं पाठवलं होतं त्याला. म्हटलं, मग मामाकडचं लिही.

"तिथं काय नव्हतं मॅडम. पाणी नव्हतं, काय नव्हतं. नुसती मामीची कटकट होती, आठ माणसांचा स्वयंपाक पडतोय म्हणून."

म्हटलं, आठ माणसं कोण कोण ते मोज आधी. दहा मिनिटं आहेत.